जे नको, तेही लिहावं

हॉस्पिटलातल्या नर्स त्याला वायरमामा म्हणत. विशीत तो छतातून तारा ओढायला आला, पुढे तारांच्या टोकांना संगणक लागले, आणि तो तिथेच चिकटला. आता पन्नाशी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते. धुतलेल्या चादरींच्या कोठाराशेजारी एक बिनखिडकीची खोली होती, तिथे त्याचं राज्य: एक पंखा, एक खुर्ची आणि कपाटात बसवलेला दीडशे संगणकांचा राखणदार. त्याला प्रॉक्सी म्हणतात. आतून बाहेर जाणारं सगळं त्याच्या हातून जातं.

हा राखणदार वायरमामा लिनक्सवर मूळ कोडपासून स्वतः बांधायचा. त्यासाठी आधी एक लांबलचक ओळ लिहावी लागते: ही सोय हवी, ती नको. बांधताना जे वगळलं, ते नंतर कितीही सेटिंग बदला, उगवत नाही. प्रोग्रॅम पहिल्यापासून पुन्हा बांधावा लागतो. बहुतेक लोक हवं तेवढंच लिहितात. वायरमामा नको तेही लिहायचा. त्याला हे काम शिकवणारा म्हातारा म्हणायचा, "जे नको, तेही लिही गड्या. नाहीतर सहा महिन्यांनी तूच डोकं खाजवशील, हे मी विसरलो होतो की टाळलं होतं?"

महिन्यापूर्वी तपासणी खात्याचं पत्र आलं. एकदाच वापरायच्या नळ्या इथे धुऊन पुन्हा वापरतात, हे खरं का? अधीक्षकसाहेब नळ्या बघायला गेले नाहीत. त्यांनी वायरमामाला बोलावलं.

"आतल्याच कुणीतरी आग लावलीय. कोण कुणाला काय लिहितं, ते मला दिसलं पाहिजे."

"पाकीट कुठल्या पोस्टात पडलं तेवढं दिसतं, साहेब. आतलं नाही. पाकीट सीलबंद असतं."

"मग सील फोडा."

"आपल्या प्रोग्रॅमला ते जमत नाही."

हे खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. सील उघडायची सोय मूळ कोडमध्ये होती. वायरमामानं ती वर्षानुवर्षं वगळली होती, कारण कुणाला गरजच नव्हती. पण त्या भेटीनंतर आठवडाभरानं सुरक्षेच्या दुरुस्तीसाठी त्यानं प्रोग्रॅम नव्यानं बांधला, तेव्हा त्या सोयीच्या शब्दापाशी त्याचा हात अडला. आग लावणारी त्याची धाकटी बहीण होती. तिसऱ्या मजल्यावर नर्स. घरी जेवताना तिनंच सांगितलं होतं, "तक्रारीचं पत्र मीच धाडलं, दादा. नळ्यांचे फोटो जायचे राहिलेत." तो नुसता जेवत राहिला होता. आणि त्या दिवशी त्यानं ओळीत पुन्हा तेच लिहिलं: नको.

साहेबांचं समाधान झालं नाही. त्यांनी बाहेरून एक जाणकार बाई आणली. तिनं वायरमामाच्या खुर्चीत बसून एक छोटीशी आज्ञा टाइप केली. या प्रोग्रॅमची खोड अशी की विचारलं तर तो आपली सगळी जन्मकथा सांगतो. पडद्यावर ती ओळ उमटली, हवं आणि नको दोन्हींसकट. वर बांधल्याची तारीख, साहेबांच्या भेटीनंतरची.

बाईचं बोट एका शब्दावर थांबलं. तिनं वायरमामाकडे पाहिलं.

"काय म्हणतोय तो?" साहेबांनी विचारलं.

"सोय काढून टाकलीय."

"विसरले असतील हे."

"विसरले असते तर इथे काहीच दिसलं नसतं," ती हळूच म्हणाली. "सॉरी काका."

"विसरलो नव्हतो," वायरमामा म्हणाला.

साहेब ओरडले नाहीत. ते जास्त वाईट होतं. "आज पुन्हा बांधा. तुमच्याच हातानं. आणि या कानाचं त्या कानाला कळलं, तर उद्या घरी बसा."

त्यानं ओळ लिहिली. नकोच्या जागी हवं. यंत्र घरघरू लागलं. चाळीस मिनिटं लागणार होती. तो जिने चढून तिसऱ्या मजल्यावर गेला.

"फोटो गेले, दादा," बहीण म्हणाली. "परवाच. ह्याच संगणकावरून."

"परवाचं दिसणार नाही. आजपासूनचं दिसेल." तो म्हणाला. "तू सुटलीस. बास झालं."

"आणि ती?" बहिणीनं टेबलाकडे मान वळवली. एक तरुण नर्स पाठमोरी बसून काहीतरी लिहीत होती. "दुपारच्या सुट्टीत वकिलाला लिहिते. नवऱ्यापासून सुटायचंय तिला. ते साहेब वाचणार?"

"आधी मी वाचणार. मग साहेब."

"मग बास कसं झालं रे?"

तो वळला, जिने उतरून खाली आला. प्रोग्रॅम बांधून झाला होता. त्यानं तो बसवला, फोडलेल्या सीलची तक्रार येऊ नये म्हणून प्रत्येक संगणकाला त्याच्यावर विश्वास ठेवायला लावलं आणि शेवटी तीच छोटीशी आज्ञा देऊन पाहिली. राखणदारानं नवी ओळ घडाघडा म्हणून दाखवली. जो विचारेल त्याला तो हे सांगणार होता. पण विचारणार कोण? वॉर्डात ही आज्ञा कुणाला ठाऊक होती?

त्यानं एक कागद घेतला आणि जाड अक्षरात लिहिलं: या संगणकावर लिहिलेलं आजपासून वाचलं जातं. त्याच्या छापील प्रती काढल्या, प्रत्येक प्रतीवर तारीख घातली, सही केली.

तिसऱ्या मजल्यावर बहिणीनं जखमेवर लावायची चिकटपट्टी कापून दिली. "सही कशाला केलीस? घरी बसवतील ना."

"सवय," तो म्हणाला.

टेबलाजवळच्या नर्सनं कागद वाचला, पुन्हा वाचला आणि अर्धं लिहिलेलं पुसायला लागली. वायरमामाच्या हातात अजून बरेच कागद होते. तो चौथ्या मजल्याचा जिना चढू लागला, तेव्हा खाली टेबलावरचा फोन वाजला. बहीण उचलून म्हणाली, "हो साहेब, इथेच होता."