दहावे काका
दहावा माणूस नाही म्हणून प्रार्थना अडलेली तुम्ही कधी पाहिली आहे का? लाकडाच्या पॉलिशचा वास आला की मला कोलकात्यातलं ते जुनं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनाघर, आठवतं. रविवारी सकाळी आम्ही ते बघायला गेलो, तेव्हा एक वृद्ध ज्यू बाई आपल्या गेलेल्या भावासाठी प्रार्थना करवून घ्यायला आल्या होत्या. त्या प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात. तिथल्या रीतीप्रमाणे डोक्याला रुमाल बांधून बाकावर बसलेल्या माझ्या बाबांना धरून दहा भरले आणि बाईंचा चेहरा उजळला. तेवढ्यात बाबा उठून म्हणाले, "माफ करा, मी हिंदू आहे." सगळे पुन्हा माणसं मोजू लागले. मी मात्र धावत सुटले! बाबांच्या बँकेतले अलिबागचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, काका आमच्याबरोबर आले होते, पण "मला त्यातलं काही येत नाही" म्हणत बाहेरच चहा पीत थांबले होते. "काका, चला, दहावे तुम्ही!" "अगं, मला हिब्रू वाचता येत नाही!" "उभं तर राहता येतं ना?" चहा तसाच टाकून काका माझ्यामागे पळाले, आणि येत होतं तेवढं एकच 'आमेन' त्यांनी असं ठणकावून म्हटलं की बाई रडता रडता हसल्या. आता तिथे दहा जमणं आणखी अवघड झालंय. तुमच्या ओळखीचे असे कोणी काका कोलकात्याला निघाले असतील, तर त्यांना आधी तिकडे पाठवा.