भिंत कशी वाजते

नलूताई परब पहिल्यांदा वृत्तपत्राच्या कचेरीत आल्या, तेव्हा बसण्याआधी त्यांनी माझ्या खुर्चीमागची भिंत तपासली. डाव्या हाताचं बोट भिंतीवर ठेवून त्यावर उजव्या हाताचं बोट दोनदा ठोकलं. डॉक्टर छाती तपासतात तसं. "ही बरी आहे," म्हणाल्या आणि मग बसल्या.

हातात आदल्या दिवशीचं कात्रण होतं. शिवडीतल्या त्यांच्या इमारतीची बातमी मी दिली होती आणि सवयीने 'मोडकळीस आलेली इमारत' असं लिहिलं होतं. "आमची इमारत म्हातारी नाही," त्या म्हणाल्या. "जन्मतःच आजारी आहे. तसं लिहा." फरक नुसत्या शब्दाचा नव्हता. सरकारी अनुदान होतं ते सदोष काँक्रीट ब्लॉकने बांधलेल्या घरांच्या दुरुस्तीसाठी. वयामुळे खराब झालेल्या इमारतींना ते मिळणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही खुलासा छापला.

परळच्या एका रुग्णालयात त्यांनी निवृत्त होईपर्यंत परिचारिकेचं काम केलं होतं. दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्याच राहत. ते घर पडलं तर स्वतःचं दुसरं नव्हतं. ब्लॉक ओतताना खाडीची खारी वाळू न धुता वापरलेली. भिंतींना खार फुटे, आतला ब्लॉक बोटाने उकरता येई. नलूताईंनी प्रत्येक तड्याच्या टोकाला पेन्सिलने रेघ मारून तारीख घातली होती आणि दाराला तापाच्या तक्त्यासारखा तक्ता टांगला होता. गप्पा मारतानाही त्या मध्येच उठत, भिंत ठोकत, पुन्हा बसत. चहा निम्मा गार होई.

अनुदानासाठीच्या तपासणीचं पत्र आलं ते गौरी-गणपतीच्या तोंडावर. विसर्जनानंतर इंजिनिअर येणार होता. पण घरात देव बसायचा म्हणजे भिंती रंगवायच्या, हे लालबाग-शिवडीत कुणाला सांगावं लागत नाही. तडे रंगाऱ्याच्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजले, वर डिस्टेंपर चढला. शेजारच्या सुरेखाची भिंत पिस्ता रंगाची झाली.

"डॉक्टराकडे जाताना तोंडाक पावडर फासून जातंस काय गो?" नलूताई रागावल्या की मालवणीवर येत.

"मावशी, वर्षातून एकदा देव येतो. त्याच्या पाठीमागे फाटकी भिंत ठेवू? आणि पाहुणे काय म्हणतील?"

"देवाक सगळा दिसता. इंजिनिअराक दिसाक होया."

नलूताईंचा गणपती उघड्या तड्यासमोर बसला. आरतीला आलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "मावशींच्या बाप्पाला हवेशीर मखर मिळालं," एकजण म्हणाली. सगळ्या हसल्या, नलूताईही हसल्या.

इंजिनिअर आला, चारही मजले फिरला आणि ताज्या रंगाच्या भिंती पाहून कागदावर लिहून गेला: दोष आढळला नाही. नलूताईंच्या खोलीत तो थांबला. "आजी, तुमच्याकडेच ओल मुरतेय. मोरीचं काम करून घ्या." अनुदान अख्ख्या इमारतीला मिळणार होतं, एका खोलीला नाही.

त्या आठवड्यात त्या दोनदा कचेरीत आल्या. इंजिनिअरबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत. "मी टोमणे मारले," म्हणाल्या, "समजावलं नाही. त्यांना वाटलं म्हातारी सणात मोडता घालतेय. वॉर्डात असं केलं असतं तर पेशंट गेला असता." बोलताना त्यांचं बोट टेबलावर सारखं वाजत होतं.

फेरतपासणीचा अर्ज घेऊन त्या दारोदार गेल्या. या वेळी टोमणा नव्हता. प्रत्येक घरी आपल्या दारावरचा तक्ता नेऊन, रेघांच्या तारखा दाखवून तडा महिन्याला किती वाढतो ते सांगितलं. सुरेखाने सगळं ऐकून घेतलं. मग स्वयंपाकघरातून उलथनं आणलं आणि मखराच्या जागेवरचा पिस्ता रंग स्वतः खरवडायला सुरुवात केली. लांबीची खपली पडली, मागोमाग ब्लॉकचा भुगा. "मावशी, तारीख काय घालू?" तिने विचारलं. नलूताईंनी कानामागची पेन्सिल तिच्या हातात दिली.

दुसऱ्या वेळी घरोघरी रंग खरवडलेला होता, इंजिनिअरला फार फिरावं लागलं नाही. तिसऱ्या मजल्यावर त्याच्या बुटावर भुगा पडला. अनुदान मंजूर झालं.

कामासाठी घरं रिकामी झाली. नलूताई करी रोडला भाचीकडे गेल्या. तिथल्या टॉवरच्या भिंतीही त्यांनी ठोकून पाहिल्या, असं भाची सांगते. चार महिन्यांनी त्यांना त्यांच्याच जुन्या रुग्णालयात न्यावं लागलं. मी भेटायला गेलो होतो, तेव्हा एक तरुण डॉक्टरीण त्यांच्या पाठीवर बोट ठोकत होती.

"कसा वाजता?" नलूताईंनी विचारलं.

"ठीक आहे, आजी."

"पावडर लावू नको गो. खरा सांग."

डॉक्टरीण पलंगाच्या कडेला बसली आणि तिने खरं सांगितलं. नलूताईंनी मान हलवली. "बरोबर. मला पण तसंच ऐकू आलं." पुढच्या आठवड्यात त्या गेल्या.

इमारतीच्या चाव्या मिळाल्या त्या दिवशी सुरेखाचा फोन आला. नवे ब्लॉक, नवं प्लास्टर, सगळं झालं होतं. मागून ठकठक ऐकू येत होती, एकाच घरातून नव्हे, वरून-खालून.

"सगळे ठोकून बघतायत," ती म्हणाली. "मीपण बघितलं."

"कशी वाजते?"

तिने फोन भिंतीशी धरून पुन्हा दोनदा ठोकलं. ठकठक चालूच होती.

"वाजते हो," ती म्हणाली. "पण बरी कशी वाजते, ते मावशींना विचारायचं राहिलं."