चुना लावलेला दगड

त्याचं नाव मी विचारलं नाही. आंबेगावच्या घाटात माझी गाडी बंद पडली होती आणि फोनला रेंज नव्हती. फोन धरलेला हात वर करून मी रस्ताभर नाचत होतो, मोबाइल कंपनीला शिव्या घालत होतो. वर शेळ्या राखणारा म्हातारा टक लावून बघत होता. मला त्याचा रागच आला.

तेवढ्यात तो ओरडला, "पावणं, तिथं काय न्हाई. हिकडं वर या."

वर चुना लावलेला एक दगड होता. त्यावर त्याने मला उभं केलं, खांदे धरून खाली दिसणाऱ्या धरणाकडे वळवलं. "आता हलू नका." फोन लगेच लागला, मेकॅनिक निघाला.

चुना ताजा दिसत होता.

"हा कोण लावतं, बाबा?"

"मीच. पावसात धुऊन जातो, मंग परत लावायचा."

"फार पुण्याचं काम करता."

तो शेळ्यांकडे बघत राहिला. "सून बाळंतपणात अडली व्हती. गाडी बोलवायला पळत आलो. फोन लावून लावून ब्याटरी संपली. सून गेली, पोटातलं लेकरूबी गेलं. हा दगड तवा ठाव नव्हता. मी खालीच उभा व्हतो. मगाशी तुमी व्हता ना, तिथंच."