दाराशी गेलेला गुंडा

लोकरीला डांबरगोळ्यांचा वास आला की मला शिरूर कासारचा आमचा अकरावीचा वर्ग दिसतो. एकदा बाईंनी तशाच वासाच्या लोकरीच्या गुंड्यातला धागा ताणून दाखवला, "केसातलं प्रथिन असं लांब, पिळदार, म्हणून ताण सोसतं, रक्तातलं हिमोग्लोबिन या गुंड्यासारखं गुंडाळलेलं, म्हणून विरघळून प्राणवायू वाहतं." तेवढ्यात गुंडा त्यांच्या हातून सुटला आणि घरंगळत दारात उभ्या असलेल्या माझ्या आईच्या पायाशी गेला. ती मला ऊसतोडीला न्यायला आली होती. रस्त्यावर ट्रॅक्टर सारखा हॉर्न मारत होता. मी दप्तर आवरलं. आईने गुंडा उचलला, पदराने धूळ पुसली आणि बाईंना म्हणाली, "पुढचं सांगा हिला. आमी जातो, हिला ऱ्हाऊ द्या हितंच." आता तोच धडा मी शिकवते, आणि दरवर्षी गुंडा मुद्दाम दाराकडे सोडते.