पाच हजार अंशांवरचं घट्ट लोखंड

चौतीस वर्षं भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस कसा दिसतो, हे पाहायचं असेल तर दादासो कांबळ्यांच्या भुवया पाहाव्यात. पाहाव्यात म्हणायचं आपलं. त्या जागेवर नाहीतच. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत त्या कधीच जळून गेल्या. पण डोळे मात्र असे, की वितळलेल्या लोखंडाच्या नुसत्या रंगावरून दादासो त्याची उष्णता सांगत, आणि मागाहून यंत्र लावून बघणारा साहेब मान डोलावून निघून जाई. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी वस्तीत लोखंडाबाबत शेवटचा शब्द त्यांचाच. तवा चिरला, पहार वाकली, की विचारा दादासोंना.

असा हा माणूस एका रविवारी सकाळी वस्तीतल्या बुद्धविहारात पहिल्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, सतरंजीवर पाय पसरून बसला होता. व्याख्यान द्यायला उभी होती त्यांची लेक मनाली. कागलच्या शाळेत भूगोल शिकवणारी, घरातली पहिली मास्तरीण. विहाराच्या मंडळानं तिला तीन रविवार दिले होते. लोक टिकले, तर दर रविवारचा वर्ग कायमचा तिच्याकडे. विषय तिनंच निवडला होता : पृथ्वी कशी झाली.

मनालीनं सांगायला सुरुवात केली. साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी ही पृथ्वी म्हणजे खदखदणारा रस होता. त्यातलं जड लोखंड बुडत बुडत मध्याशी गेलं. हलका दगड वर तरंगला आणि वरून थिजला. आपण राहतो ते त्या थिजलेल्या सालीवर.

दादासोंच्या हातांवर काटा आला. ही तर मळी! साच्यात ओतण्याआधी लोखंडावर जी घाण तरंगते, तिला फाउंड्रीत मळी म्हणतात. लांब दांड्यानं ती ओढून काढायची आणि मागच्या खड्ड्यात फेकायची, हे त्यांनी जन्मभर केलं होतं. आणि आज लेक सांगत होती, की पंचगंगा, पन्हाळा, गडहिंग्लजपर्यंतचा सगळा ऊस, हे विहार, ही सतरंजी, सगळं काही मळीवर मांडलेलं आहे. दादासोंनी पसरलेले पाय हळूच जवळ घेतले.

तोवर मनाली गाभ्यापर्यंत पोचली होती. पृथ्वीच्या अगदी मध्याशी जो लोखंडाचा गोळा आहे, तो पाच हजार अंशांवर तापलेला आहे, ती म्हणाली, आणि तरीही तो वितळलेला नाही. घट्ट आहे.

दादासो उभे राहिले. आपण उभे राहिलो हे त्यांना स्वतःलाही नंतर कळलं.

"ते खोटं हाय."

सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या.

"पंधराशेला लोखंड पाण्यागत पळतंय, मने. ह्या डोळ्यांनी बघितलंय. पाच हजाराला घट्ट? ज्यानं हे लिवलंय त्यानं भट्टी बघितली न्हाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तरीणबाई, आधी बापाला पास करा की!" आणि जो हशा उसळला, त्यात मनाली दाबाबद्दल काही सांगू पाहत होती ते बुडून गेलं. तिनं दोनदा तोंड उघडलं. मग वही मिटली आणि चप्पल घालून ती निघून गेली.

घरी दादासोंनी जेवता जेवता पुन्हा लोखंडाचं पुराण काढलं, तेव्हा त्यांच्या बायकोनं, आक्काताईनं, भाकरी थापायची थांबवली. ती म्हणाली, "अवो, पोरीला कॉलेजात घालताना अख्खी भावकी आडवी आली, तवा तुमी एकटं हुबं ऱ्हायलासा. आन् आज चार माणसांत तिचं त्वांड तुमीच बंद केलंसा."

मनातून दादासो अजून पंधराशेवर ठाम होते. पण मनाली त्यांच्या ताटात वाढे आणि एक शब्द बोलत नसे. बुधवारी आक्काताईकडून कळलं, की पुढचे दोन्ही रविवार पोरीनं मंडळाला नको म्हणून कळवले आहेत. हे मात्र त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांना वाटलं होतं वाद आहे, होईल थंड. हे तर ओतकामच बंद पडलं.

गुरुवारी ते शिरोलीला गेले. जोतीराम हा त्यांचा जुना जोडीदार एका छोट्या कारखान्यात अजून हातानं साचे भरी. तो तरी आपल्या बाजूनं बोलेल, हा हिशेब. जोतीराम साच्याच्या पेटीत वाळू भरत होता. सगळी हकीकत त्यानं मान वर न करता ऐकली आणि एवढंच म्हणाला, की लेकीबरोबर भांडलास आणि माझ्याकडं साक्षीदार मागायला आलास व्हय रे? बस गप. पेटी होऊ दे.

दादासो बसले. चाळा म्हणून त्यांनी ढिगातली मूठभर वाळू घेतली. बोटांच्या फटींतून ती भुरूभुरू खाली गेली. समोर जोतीराम तीच वाळू पेटीत टाकून ठोकत होता. एक थर, ठोक. दुसरा थर, ठोक. शेवटी त्यानं पेटी उलटी केली. एक कण खाली पडला नाही.

दादासोंचा हात तसाच हवेत राहिला.

याच वाळूत त्यांनी पंधराशेचं लोखंड हजारो वेळा ओतलं होतं आणि तिची भिंत ढळली नव्हती. जी मुठीत थांबत नाही, ती दाबली की लोखंडाला अडवते. आणि पृथ्वीच्या मध्याशी असलेल्या त्या लोखंडावर कुणाचा ठोका? अख्ख्या पृथ्वीचा. सगळे डोंगर, सगळे समुद्र, सगळी मळी, चहूबाजूंनी एकदम. त्याला पळायला जागा कुठे आहे? चौतीस वर्षं आपण फक्त उघडं लोखंड पाहिलं होतं.

रविवारी ते जोतीरामची छोटी पेटी आणि पिशवीभर वाळू घेऊन विहारात गेले. मनाली घरीच होती. वंदनेला जमलेल्या लोकांपुढं दादासो उभे राहिले आणि म्हणाले, "मागल्या रविवारी मी म्हणलो, खोटं हाय. चूक माझी हुती."

त्यांनी वाळू बोटांतून सोडून दाखवली, मग पेटीत ठोकली, उलटी केली. लोक पुढं सरकून पाहू लागले. मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, की गाभा घट्ट, तर त्याच्या भोवतीचं लोखंड घट्ट का पातळ? दादासो गडबडले. म्हणाले, तेबी घट्टच असणार.

"चुकलं, आबा."

दारात मनाली उभी होती, मागं आक्काताई. पोरीला इथवर कुणी आणलं, हे विचारायची गरज नव्हती.

"बाहेरचं लोखंड पातळच आहे," मनाली पुढं येत म्हणाली. "तिथं दाब थोडा कमी पडतो. आणि ही वाळू काही वितळलेली नाही, तेव्हा हे अगदी तसंच नाही. पण दाखवायला पेटी चांगली आहे. बसा आता."

दादासो बसले. या वेळी कुणी हसलं नाही. तासभर ती बोलत राहिली. शेवटी सांगितलं, की हे लोखंड पृथ्वीवर तयार झालेलंच नाही. सूर्याहून कितीतरी मोठ्या ताऱ्यांच्या पोटात ते शिजलं, ते तारे फुटले आणि त्याची धूळ इथं आली. आपल्या रक्तात आहे तेही त्यातलंच.

दादासोंनी विद्यार्थ्यासारखा हात वर केला.

"मने, मग त्या भट्टीवर पाळीला कोण हुतं?"

"कुणी नव्हतं, आबा."

दादासो आपल्या हातांवरच्या जुन्या डागांकडे पाहत राहिले. भट्टी आणि पाळीला कुणीच नाही, हे त्यांना मळीहून, गाभ्याहून भयंकर वाटलं. लोक उठले, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, तरी त्यांच्याखालची एक तशीच राहिली.

"पुढल्या रविवारी काय हाय?" त्यांनी विचारलं.

"चंद्र," मनाली म्हणाली. "पेटी राहू द्या इथंच."