दिघे साहेबांची शेवटची फेरी

आमच्या आबांनी एका धडधाकट माणसाला भर दुपारी, दीडशे लोकांसमोर, त्याला न विचारता रिटायर करून टाकलं. हे त्यांनी केलं माझ्या भल्यासाठी, आणि त्यात नव्वद टक्के चूक माझी होती. (उरलेले दहा टक्के वांग्याच्या भरताच्या माथी मारता येतील.)

मी विमान चालवतो. म्हणजे, असं मी म्हणतो. जळगावजवळच्या पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीतले लोक म्हणतात, 'दीपक कॅप्टनच्या शेजारी बसतो.' हुद्द्याने मी को-पायलट, कागदोपत्री 'फर्स्ट ऑफिसर'. कंपनी छोटी, विमानं मोजकी, कॅप्टनही मोजकेच. माझ्या परीक्षा झाल्या, उड्डाणाचे तास भरले, लायसन खिशात आलं. आता एक कॅप्टन कमी झाला किंवा एक विमान जास्त आलं, की सीनियॉरिटीच्या यादीतला पहिला माणूस कॅप्टन होणार. आणि यादीत पहिला मी! ऐकायला किती गोड वाटतं! फक्त तीन वर्षं झाली, मी पहिलाच आहे. नवीन विमान 'येतंय' एवढंच कळतं, आणि जुन्या कॅप्टनांना साधी सर्दीसुद्धा होत नाही.

अकरा वर्षं मी उजव्या खुर्चीत बसतोय. कॅप्टनची खुर्ची डावीकडे, हात लांबवला तर हाताला लागेल इतकी जवळ. त्यांच्या खांद्यावर चार पट्ट्या, माझ्या तीन. शर्टाला इस्त्री करताना मी चौथ्या पट्टीच्या रिकाम्या जागेवरून उगाच एकदा जास्त इस्त्री फिरवतो. हसायला हरकत नाही, पण त्या बोटभर जागेसाठी जीव फार तुटतो.

माझ्याहून जास्त जीव तुटायचा आबांचा. आबा म्हणजे माझे वडील, वय शहात्तर. चौतीस वर्षं धुळे डेपोत एसटीच्या लाल डब्यावर ड्रायव्हर होते. मी नोकरीला लागलो त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं होतं, "मी इमानमां बससू, पन तू कॅप्टन व्हशी तवय!" मी फुकट तिकीट आणून दिलं, आई पिशवी भरून तयार झाली, तरी आबा खाटेवरून उठले नाहीत. त्यांच्या लेखी ड्रायव्हरच्या शेजारी बसणारा एकच प्राणी, तो म्हणजे क्लीनर. मुलगा क्लीनर असलेल्या गाडीत बसायचं कशाला?

दर रविवारी त्यांचा फोन यायचा.

"कोनी रिटायर झाया का?"

"नाही, आबा."

"कोनी नोकरी सोडी का?"

"नाही हो."

"मंग काय करी ऱ्हायनात त्या बठ्ठा?"

"विमानं चालवताहेत, आबा!"

अशाच एका फोनवर मी बोलून गेलो की, आमचे दिघे साहेब सगळ्यांत सीनियर कॅप्टन आहेत आणि त्यांना खानदेशी भरीत खायचंय.

"साहेबस्नं वय काय शे?" आबांनी विचारलं.

"या महिन्यात अठ्ठावन्न पूर्ण होतील. ते गेले की माझाच नंबर."

मग आबा अगदी मऊ आवाजात म्हणाले, "त्यास्ले घर लई ये. मी बठ्ठं दखस."

माझं ऊर भरून आलं. साहेबांना घरी बोलावताहेत, सगळं स्वतः बघणार म्हणताहेत! काय हे आदरातिथ्य! माझ्या डोक्यातही आलं नाही की आबांच्या डेपोत अठ्ठावन्न म्हणजे नोकरी संपली. त्या दिवशी माणूस गाडी लावतो, चावी देतो आणि घरी जातो. आमच्याकडे पायलट पासष्टपर्यंत विमान उडवतात हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं!

ठरल्या रविवारी दिघे साहेब आणि मी, दोघंही सुट्टीवर, प्रवासी म्हणून जळगावला उतरलो. दिघे साहेब म्हणजे कमी बोलणारा, कडक माणूस. मला कॅप्टन करायचं की नाही यावर शेवटचा शेरा तेच मारणार होते. म्हणून मी त्यांची बॅगसुद्धा उचलली होती. विमानतळाबाहेर आमच्या ओळखीची रिक्षा उभी होती. तिला झेंडूच्या माळा, दोन्ही बाजूंना केळीचे खांब आणि पुढच्या काचेवर पाटी: 'शेवटची फेरी'.

पाटी मी ओळखली. धुळे डेपोतली ही रीतच होती. ड्रायव्हरच्या नोकरीचा शेवटचा दिवस आला की त्याच्या गाडीला माळा घालायच्या, ही पाटी लावायची आणि गुलाल उधळत त्याला घरी पोचवायचं. आबांनाही असंच आणलं होतं. दोन सेकंदांत मला सगळं कळलं. तिथंच साहेबांना खरं सांगायला हवं होतं. पण मी पडलो भित्रा!

"दीपक, ही पाटी कसली?" साहेबांनी विचारलं. विमान चालवणाऱ्या माणसाला ते दोन शब्द अजिबात आवडत नाहीत.

"रिक्षावाल्याची असेल, सर. ही फेरी झाली की तो जेवायला जातो."

"आणि माळा?"

"जेवायला आज भरीत आहे ना, सर."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की माझा शेरा तिथंच लिहून झाला असावा.

कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर मांडव होता. एका कोपऱ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, धूर सगळीकडे. त्या धुरामागे दहा फुटी फ्लेक्स! त्यावर दिघे साहेबांचा हसरा फोटो (मीच घरच्या ग्रुपवर टाकलेला) आणि वर 'सेवापूर्ती सोहळा'. मी धावत जाऊन फ्लेक्ससमोर दोन्ही हात पसरून उभा राहिलो. दहा फुटांपैकी दीड फूट झाकला गेला; बाकीचा धुराने सांभाळला.

"आबा, हे काय केलंत?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"तू गप ऱ्हाय. मानूसले मान दीसन धाडा तं तो खुशीमां जास. मांगे वळी दखत नही!"

म्हणजे आबांचा विचार किती खोल! साहेबांनी जाता जाता मुदतवाढ मागू नये, म्हणून त्यांना इतकं वाजतगाजत निरोप द्यायचा, की लाजेने तरी ते परत येणार नाहीत!

साहेबांना खुर्चीत बसवलं. आईने ओवाळलं. शाल झाली, नारळ झाला, टोपी-टॉवेल झाला. इथपर्यंत साहेब खूश दिसत होते. खानदेशात पाहुण्यांचं असंच होत असेल, असं त्यांना वाटलं असावं. मग भेटवस्तू निघाल्या: एक काठी, एक कमरेचा पट्टा आणि एक गरम पाण्याची पिशवी. साहेबांनी काठी हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मी वांग्यांकडे पाहिलं.

तेवढ्यात नाना माइकवर आले. नाना म्हणजे आबांच्या गाडीवरचे जुने कंडक्टर. त्यांना माइक मिळाला की गाडी मधल्या थांब्यावर थांबत नाही.

"साहेबस्नी इतला वरीस गाडी सांभाळी! कोठे ठोकी नही, कोनाले पाडं नही! आते त्यास्नी आराम करना पाहिजे, नातू खेळावना पाहिजे! साहेबस्नी जागा आते आपला दीपक लेवाव शे! टाळ्या!"

दीडशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. एकाने फटाक्यांची माळ लावली. मी खुर्चीखाली जाता येईल का ते बघत होतो.

दिघे साहेब सावकाश उठले. अंगावर शाल, डोक्यावर टोपी, हातात काठी. माइक घेऊन म्हणाले, "आपल्या सगळ्यांचा मी आभारी आहे. पण माझी नोकरी अजून सात वर्षं बाकी आहे."

फटाकेसुद्धा नेमके तेव्हाच संपले.

लोक हसले नाहीत. सगळे आबांकडे बघत होते. आबा बोटांवर मोजत होते. "शहात्तर नी सात," ते स्वतःशीच म्हणाले, "त्र्याऐंशी." मग त्यांनी हात मांडीवर ठेवला. आयुष्यात मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. चौथी पट्टी मला हवी होती, पण आबांच्या हिशेबात ती वेळेवर यायला हवी होती, आणि वेळ कोणाच्याच हातात नव्हती.

साहेब खाली उतरून आबांजवळ बसले. "आबा, माझ्या जाण्याची एवढी घाई का?"

आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि काही लपवलं नाही. "हाऊ कॅप्टन व्हई तवय मी इमानमां बसाव शे. आकरा वरीसपाईन वाट दखी ऱ्हायनू. तुम्ही चालावतस, हाऊ नुसता शेजारी बठस."

"नुसता बसतो? कोणी सांगितलं?" साहेब म्हणाले. "अहो, एक फेरी मी चालवतो, एक तो चालवतो. उडवतो तो, उतरवतो तो. मी तेव्हा शेजारी बसतो."

आबा माझ्याकडे वळले. "हाई तू माले कवयच सांगं नही!"

काय सांगणार? सांगितलं नव्हतं, कारण माझं मलाच ते खरं वाटत नव्हतं. डाव्या खुर्चीकडे बघता बघता उजव्या खुर्चीत बसून मी काय करतो, हे मी स्वतःच विसरून गेलो होतो. अकरा वर्षं मीसुद्धा स्वतःला क्लीनरच समजत होतो.

मग सगळे जेवायला बसले. साहेबांनी चार वेळा भरीत वाढून घेतलं, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, म्हणजे कळण्याच्या पुऱ्या किती खाल्ल्या ते विचारू नका. जाताना काठी परत केली, पण कमरेचा पट्टा मात्र घेऊन गेले.

पंधरा दिवसांनी आबा जळगावहून मुंबईच्या विमानात बसले. आईने पिशवी भरलेलीच होती. डाव्या खुर्चीत दिघे साहेब, उजव्या खुर्चीत मी, आणि फेरी माझी. वर पोचल्यावर साहेबांनी बोलायचा माइक माझ्याकडे सरकवला. "नमस्कार," मी म्हणालो, "मी दीपक, तुमचा फर्स्ट ऑफिसर. आजचं विमान मी चालवतोय. माझे आई-आबा आज पहिल्यांदा विमानात बसले आहेत." प्रवाशांच्या टाळ्या दारापलीकडून ऐकू आल्या. माझा आवाज शेवटी जरा फाटला. साहेब मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले.

मुंबईला उतरल्यावर मी दाराशी जाऊन उभा राहिलो. आबा सगळ्यांत शेवटी आले, डोळे चोळत.

"आबा, मी बोललो ते ऐकलंत ना?"

"कवय बोलना?"

"झोपले होते ते," आई म्हणाली. "इमान हाललं तवयपाईन घोरत होते. बाजूच्या बाईंनी दोनदा हलवलं."

"मंग काय कराले पाहिजे व्हतं?" आबा म्हणाले. "तूच चालावी ऱ्हायंथा ना?"

आबा दुसऱ्याच्या गाडीत कधी झोपत नाहीत. रात्रभराच्या प्रवासातसुद्धा डोळे रस्त्यावर आणि पाय नसलेल्या ब्रेकवर. मी त्यांची पिशवी हातात घेतली.

"कॅप्टन व्हशी तवय सांगजो," खाली उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तवय जागा ऱ्हासू."

मी लगेच पुन्हा वर विमानात गेलो. दिघे साहेब कागदांवर सह्या करत होते. मी त्यांच्या तब्येतीची अगदी आपुलकीने चौकशी केली. "एकदम फर्स्ट क्लास!" ते म्हणाले. "तुमच्या पट्ट्याने तर कंबरसुद्धा दुखायची थांबली." खरं सांगतो, मला आनंद झाला. अर्धा.