बावखलाचे पाणी आणि हवालदार यशवंत

मुलांनो, तुम्ही फोनवर विचारता, आजी, तू आर्मीत असताना लढाई पाहिलीस का? नाही पाहिली. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कॅप्टन होते. माझ्या चुकीने एक जवान गेला, आणि तो सीमेवर नव्हे, आपल्या वसईत.

ऐंशीचे दशक सरत आले होते. इंजिनिअर्सच्या एका तुकडीला ट्रेलरवर बसवलेला फिल्टर प्लांट तपासायचा होता. त्यात मेम्ब्रेन होत्या, म्हणजे इतक्या बारीक छिद्रांचे पडदे की शेवाळाचा कणही आरपार जाऊ नये. चाचणीला हिरवे, साचलेले पाणी हवे होते. वसईच्या भुईगावात बागायती वाड्यांना पाणी देण्यासाठी खणलेली छोटी तळी आहेत, त्यांना बावखल म्हणतात. त्यातले एक निवडले. त्या उन्हाळ्यात गावच्या विहिरी खारट झाल्या होत्या. तुकडीच्या मेजरसाहेबांनी गावाला शब्द दिला: सात दिवस चाचणी, आठव्या दिवशी गावाला पाणी. पाण्याची तपासणी आणि लोकांशी बोलणे माझ्याकडे होते. मी तिथलीच.

०५३० ला पंप सुरू. ०६०० ला प्रेशरची नोंद. ०६३० ला क्लोरीन तपासून रजिस्टरवर माझी सही. ०७०० ला प्लांट चालवणारा हवालदार यशवंत नळाखाली पेला धरायचा. बाकीचे जवान टँकरचे पाणी पीत. पण त्याच्या युनिटची रीत होती की पाणी काढणाऱ्याने आधी स्वतः प्यायचे, लोकांसमोर. तो दिवसभर तेच प्यायचा. माणूस सांगलीकडचा, वर्षापूर्वी कावीळ होऊन गेलेला. हे मला त्याच्या कागदांवरून माहीत होते.

बघायला आलेल्या बायका त्याला चिडवायच्या.

"काय रे हवालदारा, बेडूक लागला का दाताला?"

"बेडूक नाही मावशी, कोळंबी लागली. मसाला तेवढा पाठवा."

चौथ्या दिवशी शेवाळाने मेम्ब्रेन तुंबू लागल्या. धुवायच्या, लावायच्या, तासाभरात पुन्हा तुंबायच्या. वायरलेसवर दिवसभर एकच: "प्रेशर ओव्हर लिमिट. शटिंग डाऊन. ओव्हर." दोन दिवसांनी कर्नलसाहेब पाहणीला येणार होते.

बावखलाचे मालक पास्कूकाका काठावर उभे होते. पानवेलीची वाडी करणारे, माझ्या वडिलांचे मित्र.

"बाय, एवढी मशीन आणलीस आन् शेवाळ निघत नाय? मोरचूद टाक. आम्ही दरसाल टाकतो. दोन दिवसांत तळ दिसल. ढोरांना मात्र आठ दिवस ते पाणी दावायचं नाय. आमचा बाप सांगायचा."

मेजरसाहेबांना मराठी येत नव्हते. "व्हॉट डज ही से?"

मी मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटचे, सांगितले. ढोरांचे सांगितले नाही. मला तो अडाणीपणा वाटला, आणि माझ्या गावाचा अडाणीपणा साहेबांसमोर मांडायची मला लाज वाटली.

पाचव्या दिवशी सकाळी मोरचूद टाकला. सहाव्या दिवशी पाणी निवळले, प्रेशर उतरले. मोरचुदाचे तांबे पाण्यात मर्यादेत आहे हे मी स्वतः तपासले. कर्नलसाहेबांसमोर यशवंत लागोपाठ तीन पेले प्यायला.

"आज गोड लागतंय, मॅडम."

सातव्या दिवशी ०९०० ला त्याला उलट्या सुरू झाल्या. दुपारी पोट धरून बसला. "फार काही नाही मॅडम. उद्या गावाला पाणी द्यायचंय." मी नळ बंद करून सील केला आणि अ‍ॅम्ब्युलन्स मागवली. मुंबईच्या मिलिटरी हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत त्याचे डोळे पिवळे झाले होते. तिथे चौथ्या दिवशी १४२० ला तो गेला. कागदावर लिहिले: जुनी कावीळ उलटली.

पुढे पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरांनी मला समजावले. काही शेवाळात विष असते. शेवाळ जिवंत असते तोवर विष बहुतेक त्याच्या आतच राहते आणि मेम्ब्रेन दोन्ही अडवते. मोरचुदाने शेवाळ फुटते, विष पाण्यात विरघळते, आणि विरघळलेले तसल्या पडद्यातून सरळ जाते. यशवंत त्यानेच गेला का, हे सिद्ध झाले नाही. कोणी तपासलेच नाही.

चौकशी बसली होती. मला एक प्रश्न विचारला: "गावकऱ्यांनी काही सावधगिरी सांगितली होती?"

मी म्हणाले, "नो, सर."

ट्रेलर परत गेला. गावाला थेंबही मिळाला नाही. पास्कूकाकांना साक्षीला बोलावलेच नाही. ते नंतर मला चर्चच्या दारात भेटले. "मी सांगितलं होतं ना, मॅडम?" एवढेच म्हणाले. पूर्वीसारखी "बाय" अशी हाक मारली नाही, पुढेही कधी नाही.

चाचणीतला मृत्यू, म्हणून यशवंतचे नाव कुठल्याही दगडावर कोरले गेले नाही. सामान द्यायला मी त्याच्या गावी गेले. त्याची बायको, शालन, उंबऱ्यात बसली होती. तिने एवढेच विचारले.

"पाणी चांगलं होतं ना, बाई? त्यांचं सगळं काम नीट झालं होतं ना?"

"हो," मी म्हणाले. "तळ दिसत होता."